ताईने नको म्हटलेलं घर

९ जानेवारी

सापडलं! तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ओट्यासमोर खिडकी! ओट्यापाशी उभी राहून दोन्ही हात पसरून बघितले – कोपर कुठे आपटत नाही. आत्ताच्या भाड्याच्या घरात एकाने भांडी घासायला घेतली की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. विकणारे निवृत्त मास्तर आहेत. आमच्याकडे बघून म्हणाले, "जोडप्यालाच द्यायचं होतं मला."

लॅबमध्ये सगळे एकदम तज्ज्ञ झाले. रिसेप्शनवाल्या मावशी – "संध्याकाळी पण जाऊन बघ गं, दुपारी सगळीच घरं छान दिसतात." डॉक्टर – "सगळे नळ एकदम सोडून बघा." नवरा हसला. "सल्ले ऐकत बसलो तर म्हातारपणी घर होईल!" कागद मात्र ताईलाच दाखवायचे. सख्खी बहीण वकील असताना बाहेर कशाला जायचं?

१७ जानेवारी

ताई नको म्हणाली. दारावर दोघांची नावं लावणार, हे सांगतच मी तिच्या ऑफिसात शिरले होते.

मास्तरांच्या बहिणीचा हिस्सा आहे म्हणे त्यात. तिची सही नाही. "उद्या ती दारात येऊन उभी राहिली तर काय करशील?" मी म्हटलं, तिला भेटून सही घेऊ या की. "नाही. सोड ते घर." नजर फायलीत. चहाही अर्धा टाकला तिने.

१८ जानेवारी

मास्तरांना नकार कळवला. कारण विचारलं त्यांनी. मी म्हटलं, घरगुती अडचण. त्यांच्या बहिणीचा विषय त्यांच्याच तोंडावर कसा काढायचा!



२ मार्च

रस्त्यात रडायचं नव्हतं. रडले.

सकाळी घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं असतं, त्या यादीत तिसरा पत्ता – तोच! दार उघडलं माझ्याच वयाच्या बाईने. सातवा महिना. तिच्या दंडाला पट्टा बांधताना समोर ती खिडकी. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, मास्तरांच्या बहिणीने काही त्रास नाही ना दिला? ती बघतच राहिली. "बहीण? अहो, मास्तर एकुलते एक! आमच्या वकिलांनी तीस वर्षांचे कागद पाहिले. आरशासारखे स्वच्छ."

सुई नीट टोचली. एवढंच त्यातल्या त्यात.

३ मार्च

ताईच्या ऑफिसात गेले. बसलेही नाही. "मास्तरांना बहीण नाही." ती पेनाचं टोपण लावत राहिली. "नाही," म्हणाली. मग का सांगितलंस? का? – "तुझ्या भल्याचंच केलं." माझ्या भल्याचं! ती स्वतः अजून भाड्याच्या घरात. धाकटीचं आधी झालेलं बघवलं नाही, असं सरळ म्हण ना! मी हे तोंडावर म्हटलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

लहानपणी हिचा हात धरून मी रस्ता ओलांडायचे.

४ मार्च

नवऱ्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं, भडकेल. शांतच. "मला वाटलंच होतं. तुझ्या ताईला आपलं चांगलं बघवत नाही." पाठीवरून हात फिरवला. "पुढच्या घराच्या कागदांचं मी बघतो. तू डोक्याला त्रास करून घेऊ नकोस." किती बरं वाटलं.

११ मार्च

ताईचे फोन. चार. उचलले नाहीत.

१५ मार्च

लॅबमधल्या नव्या पोरीचं लग्न ठरलंय, घरही बघतायत. "ताई, काय काय बघायचं हो घर घेताना?" मला सगळ्या 'ताई'च म्हणतात, आज ते टोचलं. म्हटलं, ओल बघ, पाणी बघ, आणि कागद परक्या वकिलाला दाखव. घरच्या माणसाला बिलकूल नाही. ती खिदळली. मी नाही.

२१ मार्च

याने दुसरं घर पाहिलंय. पहिला मजला, जरा अंधारं, पण चालेल. परवा दस्त. कागद अजून पाहिले नाहीत मी. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाला. आहे की! आता तुझ्यावरच तर आहे.

२२ मार्च

ताईने लॅबवर पाकीट पाठवलं. आत मास्तरांच्या घराच्या खरेदीखताचा मसुदा, वर चिठ्ठी – "तुझा नवरा हे परस्पर माझ्याकडे घेऊन आला होता. तुला सगळं माहीत आहे, म्हणाला. तुझ्याशी बोलले तेव्हा कळलं, तुला काहीच माहीत नाही. तुमचं मोडेल या भीतीने खोटं बोलले. रजिस्ट्रेशन ऑफिसात उद्याच्या यादीत त्याचं नाव दिसलं; ते कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस."

घर घेणार – एकच नाव. त्याचं.

माझंही आहे. शेवटच्या पानावर. साक्षीदार क्रमांक दोन.