लविनियाच्या लग्नातलं अस्वलांचं पातेलं

ट्रॉय, मंगळवार

प्रिय टेम्परन्स,

ट्रॉयला तुझी एक थोरली बहीण राहते आणि ती अजून जिवंत आहे, हे आठवत असेल तर पुढे वाच. नसेल तर भावजींना विचार. त्यांचा गुडघा कसा आहे? तुझा दमा? आम्ही इथे खुशाल आहोत, जरा माजलोही आहोत. (लिहून घेतेय धाकटी नात हॅरिएट. तिने हसू नये, लिहावं.)

थोरल्या नातीचं, लविनियाचं, लग्न पुढच्या गुरुवारी. इथल्या रीतीप्रमाणे आहेराची चांदी माडीवर मांडलीय, प्रत्येक नगापुढे देणाऱ्याच्या नावाचं कार्ड, आणि दाराशी पाहुण्याच्या वेषातला पोलीस (सर्वांत जास्त केक तोच खातो). द्राक्षं तोडायला चांदीची कात्री, मासे वाढायला अकरा उलथणी! मधोमध माझा आहेर: बर्फ ठेवायचं भलंमोठं पातेलं, काठावर दोन अस्वलं. लहानपणी आपण फाटक्या बुटांनी बर्फ तुडवला. आज माझ्या घरी बर्फालाही चांदीचा पलंग आहे. आणि तो साबण उकळून मिळवलाय, कुणाच्या पणजोबाच्या नावावर नाही.

पणजोबा आहेत ते व्याह्यांकडे. नवऱ्यामुलाची आई व्हॅन आल्स्टबाई, घराणं जुनं, आहेर म्हणजे साखरेचे खडे उचलायचा एक चांदीचा चिमटा. तरी चारचौघींत म्हणाल्या, "साबणवाल्यांची पोर आमच्या घरात शोभायची कशी?" लविनिया रडून रडून म्हणाली, "आजी, मी त्या घरी जातच नाही."

काल सकाळी मी चांदी पुसायला गेले. कार्डं सरकली. मला कुठे वाचता येतं? लावली अंदाजाने. दुपारी बायका जमल्या, पातेल्यापुढचं कार्ड वाचलं आणि एकच गलका, "अहो व्हॅन आल्स्टबाई, सुनेवर केवढा हा जीव!" बाईंनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग लविनियाला जवळ ओढून म्हणाल्या, "लाखात एक आहे माझी सून." पन्नास जणींनी ऐकलं, आता शब्द फिरवायची सोय नाही. मला एकीने टोमणा हाणला, "आजीबाई, चिमटा नाजूक आहे हो." म्हटलं, "साबणवाल्यांना एवढाच परवडतो." इतकी ताठ मी माझ्या लग्नातही उभी नव्हते.

तुझी,
प्रूडन्स

ता. क. कार्डं "सरकली" असं हॅरिएटने सुबक अक्षरात लिहिलंय. सोनेरी काठाचं कार्ड कुणाचं, हे कळायला अक्षरं लागत नाहीत.

आणखी एक ता. क. आज सकाळी बाई एकट्याच मागच्या दाराने आल्या. आभाराचे शब्द जिभेवर येईनात, म्हणून स्वयंपाकघरात बसून तुझ्या हातचा सफरचंदाचा मुरंबा बरणीतूनच संपवला. लग्नाआधी दोन बरण्या पाठव. एकीत लवंग घालू नकोस. विहीणबाईंना सोसत नाही.