तलाव मागून वाजतो

देवास,
२७ डिसेंबर २००९

चि. किमया हिस दादांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. थंडी जोरात आहे. तुझी आई सकाळी माळव्याला नावं ठेवते आणि दुपारी उन्हात बसून त्याचीच तारीफ करते.

तू आईला लिहिलेल्या चिठ्ठीतला पत्ता घेऊन मी आज जयसिंगरावाच्या सायबर कॅफेत गेलो. माझा जुना विद्यार्थी, आता पार टक्कल पडलंय. तू सुचवलेला तो नवा ब्राउझर त्याने उतरवून घेतला आणि पडद्यावर तू बनवलेला तलाव उघडला. कळ दाबली की पाण्यावर तरंग, सोबत काचेच्या वाटीसारखा नाद! आधी काढून ठेवलेलं चित्र नव्हे. मी दाबीन तेव्हाच पाणी हलणार. मी हरखलोच गं.

मग बोटांनी भुजंगप्रयात धरला. लघु-गुरु-गुरु, लघु-गुरु-गुरु. जयसिंगराव ओरडला, "सर, कीबोर्ड है, तबला नी है!" सगळे हसले. मी म्हटलं, "भिया, गप बैस, चाल बिघडतेय."

खरंच बिघडत होती. तरंग वेळेवर, नाद जरासा मागून. सावकाश वाजवलं तर कळत नाही. वेग धरला की लघु पुढच्या गुरूत बुडतो. आधी मी स्पीकरला दोष दिला. त्याने दुसरा लावला, तेच. चाळीस वर्षं वर्गात कविता म्हणवून घेतल्या मी. शेवटच्या बाकावरचे सूर मागे राहिले की फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. तुझा तलाव त्याच बाकावर बसलाय.

घरी येऊन हे सांगितलं, तर तुझी आई म्हणाली, "तीन वर्षं मुलीशी बोलला नाहीत, आणि तिच्या तलावाशी बोलून आलात!"

पीथमपूरची कायमची नोकरी सोडून असले पडद्यावरचे खेळ बनवायला पुण्याला निघालीस, तेव्हा 'खेळणी करायला शिकवलं का तुला?' असं मी म्हणालो होतो. ते तुला आठवत असेलच. पण एक तुला ठाऊक नाही, आईलाही नाही. तुझी तीन पत्रं मी उघडलीच नव्हती. आज उघडली. तिसरं जूनमधलं: "दादा, आवाज मागे राहतो की मला भास होतो? इथे सगळे म्हणतात, चालेल. तुमचा कान हवा होता."

भास नाही, बेटा. राहतो. तू एकटी बरोबर होतीस. त्यांना सांग, चालणार नाही. दादांनी सांगितलंय म्हणून सांग. आणि दुरुस्त झालं की दाखव. इतकी मजा मला निवृत्तीनंतर कधी आली नव्हती.

एरवी शेवटी 'कळावे' लिहितो. या वेळी तू कळव. घरी फोन कर. आईच्या आधी मी उचलीन.

तुझे,
दादा