बांधावरचं काकण

वसई, रविवार, ६ मार्च १९८३

आज जूचंद्रला हिराबायकडे गेलो, ते गेलो नसतो तर बरं झालं असतं.

मिठागरात हरवलेल्या बाईची कथा वीस वर्षांपूर्वी तिनंच मला सांगितली. तिच्या कथेत बाई घरी परत यायची. मला ते सपक वाटलं. लोककथांच्या माझ्या पुस्तकात मी बाईला मिठात विरघळवलं आणि बांधावर नुसतं काकण ठेवलं. पुढे कवींनी ते काकण उचललं, चित्रकारांनी रंगवलं, आणि आधुनिक कलेतलं मिथक म्हणून मी त्याच काकणावर इतकी वर्षं व्याख्यानं झोडली. काय म्हणावं मला?

निवृत्तीआधी एकदा खरं लिहावं, म्हणून आज शेवट पुन्हा विचारला. तिनं काकणच सांगितलं.

"हिराबाय, तुझी बाई घरी यायची."

"नाय मास्तर. नातीनं तुमचं पुस्तक वाचून दाखवलं ना. काकणच उरतं."

ते मी मनचं घातलं होतं, हेही सांगून टाकलं. ती हसली. "छापलंय ते खोटं कसं असंल?"

परतलेली बाई दारातूनच काहीतरी बोलायची, एवढं मला आठवतं. काय बोलायची, ते मी तेव्हा टिपून घेतलं नाही.