दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

माय, परवा माझ्या मुलाने तुझं ते गाणं फोनवर शोधून काढलं आणि मोठ्याने लावलं. म्हणाला, आजीनं काय शब्द लिहिलेत बघ. मी भेंडी चिरत होते, चिरत राहिले. तुला जाऊन किती वर्षं झाली, आणि अजून कुणी ना कुणी मला हे ऐकवतंच.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. कन्नड तालुक्यातलं गाव सोडून तू शहरात माझ्याकडे, छावणी भागात राहायला आली होतीस. गावाकडे तुझ्या भारुडांना, पाळण्यांना नाव होतं; इथे तुला कुणी ओळखत नव्हतं आणि ते तुला खात होतं. माझी लेक तेव्हा सात महिन्यांची. पाणी बाधलं, जुलाब लागले आणि दोन दिवसांत ती गेली. मी तिला मांडीवर घेऊन काय काय बोलत होते, मला शुद्ध नव्हती. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या. तू रडत नव्हतीस. भिंतीला टेकून, मान जराशी कलती करून तू ऐकत होतीस. कुणाकडून नवं गाणं घेताना तू अशीच बसायचीस, पण हे माझ्या ध्यानात आलं ते फार उशिरा.

तीन महिन्यांनी तू कॅसेट घेऊन आलीस. वर तुझा हिरव्या लुगड्यातला फोटो, गालाला पावडर. गुलमंडीकडच्या एका दुकानदाराने काढली होती. ‘पाण्याच्या रांगेची गाणी’. एका बाजूला टँकरवाल्याची, सरपंचाची टिंगल. तू ती बाजू लावलीच नाहीस. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावलंस आणि माझ्या तोंडाकडे बघत बसलीस. मी भाकरी थापत होते. टेपमधून तुझा आवाज आला, ‘रांगेत नंबर माझा होता गं, तू कशी पुढं गेली.’ पिठाचे हात तसेच घेऊन मी उभी राहिले.

“हे माझं बोलणं हाय,” मी म्हटलं.

“व्हय, तुझंच हाय. मग?”

“माझी लेक मेली होती, माय.”

“रोज कुणाची ना कुणाची मरती. त्यांच्या मायाबी रडतेत. कोण ध्यानात ठेवतं? तुझं म्या ठेवलं. उलट पाया पड माझ्या.”

ती कॅसेट तू मला भेट म्हणून ठेवून गेलीस.

मग ते गाणं सगळीकडे झालं. रिक्षात, रसवंतीवर, टँकरच्या रांगेत उभ्या बायकांच्या तोंडी. लासूर स्टेशनला माझ्या नणंदेच्या लग्नात लोकांनी तुला मुद्दाम बोलावलं. मांडवात दोनदा गायला लावलं. दुसऱ्या वेळी तू माझ्याकडे बघून पदराने डोळे टिपलेस. डोळे कोरडे होते, मी पुढेच बसले होते. लोक तुझ्यासाठी हळहळले. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तूही वेगळी खोली घेतलीस.

पुढे शहर वाढलं, ज्वारीच्या शेतांत प्लॉट पडले, तिथे आम्ही घर बांधलं. त्या घरात तुला आणलं तेव्हा तुझी उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. मी तुला भरवलं, धुतलं, पुसलं. शेजारणी म्हणायच्या, लेक असावी तर अशी. दुपारी त्या आपापल्या घरी गेल्या, की मी टेप तुझ्या उशाशी ठेवून तेच गाणं लावायची. तू डोळे मिटायचीस. तुला कूस बदलता येत नव्हती, हे मला माहीत होतं. डाव्या हाताने तू बंद करण्याची खूण केलीस, तर मी आवाज वाढवायची.

महिनाभर असं चाललं. एका दुपारी तुझ्या घशातून घोगरा सूर निघाला. आधी नुसती चाल, मग शब्द. “नंबर... माझा.” साधं पाणी मागता येत नव्हतं तुला, आणि तू गात होतीस. डोळे उघडे, तोंडावर उजेड आलेला. गाणं शेवटच्या ओळीपाशी आलं आणि मी बटन दाबलं. टेप थांबला, तशी तूही थांबलीस. तोंड उघडं राहिलं. तू हाताने टेप दाखवलास. मी तो उचलून फडताळात ठेवला आणि भांडी घासायला गेले. पुन्हा कधी लावला नाही. पंधरा दिवसांनी तू गेलीस, मधे एक शब्द न बोलता.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहून टाकते. बाकीच्या सगळ्या ओळी माझ्या होत्या. शेवटची मी बोललेच नव्हते. ‘हंडा भरला गं बाई, आता पाणी कुणाला पाजू.’ ती तुझी. त्या गाण्यात खरी चांगली ओळ तेवढीच आहे.