नकारबाईच्या रजा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, विधवा, नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र राहत्या घरी, पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. खरं सांगायचं तर ते ठिकाणावर नसतं तर बरं झालं असतं, असं अलीकडे वाटतं. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, कोणी फूस लावलेली नाही, काही पाजलेलं नाही; समोरचा चहासुद्धा मीच केलेला आहे. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र यानं रद्द समजावं. त्यात सगळं मुलाला दिलं होतं.

कलम एक. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. निवृत्तीच्या दिवशी एक सभा झाली, तेवढी पुरे. "बाईंनी उभ्या आयुष्यात एक पैसा खाल्ला नाही," असं एकामागून एक सगळे उठून सांगत होते आणि ऐकणारे गालातल्या गालात हसत होते. का हसतात ते तेव्हा कळलं नाही. आता कळलं आहे. पुन्हा तो तमाशा नको.

कलम दोन. बँकेतली ठेव आणि दोन सोन्याच्या बांगड्या माझ्या धाकट्या बहिणीला. तिनं तो पैसा स्वतःच्या गुडघ्यांवर खर्च करावा, जावयावर नव्हे. आणखी सोनं शोधू नये. बांधकाम खात्यातल्या बाईच्या कपाटात घबाड असणार, असं लोकांना वाटतं. कपाटात स्वेटर आहेत. ज्याला थंडी वाजेल त्यानं घ्यावेत.

कलम तीन. मोजणीची टेप आणि ओळंबा, आता माझ्या टेबलावर बसते त्या मुलीला. ती मला भेटायला येते. "मॅडम, तुम्ही स्वतःला कसं हो सांभाळलंत?" असं विचारते आणि मी तिला बिस्किटं देऊन विषय बदलते. पोरी, टेपला तेल लावून ठेवलं आहे, गंज नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या कलमात आहे. वाच आणि मग ठरव.

कलम चार. शेजारचं टेबल. हे एका माणसाचं नाव आहे. आमच्याकडे रिवाज असा, की मी रजेवर असले की माझ्या कामाचा प्रभार शेजारच्या टेबलाकडे जायचा. त्या दिवसापुरती माझ्या जागी तो सही करायचा. मला सगळे नकारबाई म्हणायचे. जिना अरुंद, नकार. आगीच्या बंबाला आत यायला वाट नाही, नकार. माझी बदली करून पाहिली, धमक्या देऊन पाहिल्या, स्कूटरची हवा सोडून पाहिली. मी बधले नाही. मला त्याचा गर्व होता, उगाच कशाला लपवू? नवरा म्हणायचा, "अगं, जरा वाकलीस तर मोडणार आहेस का?" मी म्हणायचे, "मग माझ्या सहीला किंमत काय राहिली?"

किंमत भरपूर होती. ती फक्त मला माहीत नव्हती.

कोपऱ्यावर चार मजली दवाखाना आहे. जिन्यावर स्ट्रेचर वळत नाही म्हणून मी तो पुन्हापुन्हा नाकारला होता. तरी तो उभा राहिला. मला वाटलं, वरून हुकूम आला असेल. यंदा मलाच धाप लागली तेव्हा चौघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्याच जिन्यानं वर नेलं. वळणावर खुर्ची अडकली. "आजी, पाय जरा पोटाशी घ्या," एक जण म्हणाला. मी घेतले.

तिथे शेजारचं टेबल मला बघायला आलं, सफरचंदं घेऊन. मी विचारलं, "काय हो, हा दवाखाना पास कोणी केला?"

"मीच की!" तो म्हणाला. "तुमच्या रजेत. अहो बाई, सगळं तुमच्या रजेतच तर व्हायचं. तुमचे चिरंजीव आदल्या दिवशी फोन करायचे, उद्या आई येत नाही, फायली काढून ठेवा. आणि तुम्ही होतात म्हणूनच भाव होता. बाईंच्या टेबलावर फाईल गेली की मेलीच, असं म्हटलं की समोरचा मुकाट पाकीट काढायचा. तुमच्या जिवावर आमची घरं उभी राहिली बाई, खोटं कशाला बोलू?"

मी रजा कधी घ्यायचे, ते इथे लिहिते. स्वतःच्या दुखण्यात मी कधी घरी बसले नाही. सकाळी सूनबाईचा फोन यायचा, "आई, पोराला ताप आहे, मला कामावर जायलाच हवं, येता का?" की मी पायात चपला सरकवून निघायचे. ताप सकाळी यायचा. मुलाचा फोन आदल्या दिवशीच गेलेला असायचा.

शेजारच्या टेबलाला माझ्याकडून काहीही नाही. रागही नाही. तो निदान खरं बोलला.

कलम पाच. माझ्या एकुलत्या एका मुलाला, धंदा लोकांचे नकाशे मंजूर करून देणं, या मिळकतीत हिस्सा नाही. दवाखान्यातून आल्यावर मी त्याला समोर बसवून विचारलं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "आई, मी तुला एका तरी खोट्या कागदावर सही करायला लावली का? तुझ्या अंगाला डाग लागू दिला का? तुला तुझं पाळायचं होतं, ते तू पाळलंस. पाळू कोणी दिलं? मी दिलं." मी उठून चहा ठेवला. तो वाईट मुलगा नाही. माझी औषधं संपायच्या आत आणून ठेवतो. त्याला हे घर पाडून इथे मजले चढवायचे आहेत. सूनबाईनं चहाच्या कपात बघत एवढंच म्हटलं, की ती सांगितलं तसं करत होती. शिलाई मशीन तिला द्यावं.

कलम सहा. त्या रजांचं काय करायचं, हे वकिलांनाही सांगता आलं नाही. मी पोचायचे तेव्हा नातू पांघरूण घेऊन डोळे मिटून पडलेला असायचा. कपाळाला हात लावला तर गार. "उतरला वाटतं," मी म्हणायचे आणि मग दुपारभर आम्ही पत्ते खेळायचो. तो लबाड, पानं मांडीखाली लपवायचा. माझ्या आयुष्यात त्याहून चांगले दिवस नाहीत. कार्यालयात मी भांडत होते, घरी नवरा वैतागलेला, आणि तिथे मात्र कोणीतरी माझी वाट बघायचं. एकदा मी निघाले तर त्यानं माझं बोट धरलं. "आजी, पुढच्या बुधवारी पण मला ताप येणार आहे हं." मी हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवशी कार्यालयात सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. तेही खूप हसले.

मी निवृत्त झाल्यापासून त्याला एकदाही ताप आलेला नाही.

कलम सात. राहतं घर, मागच्या मोकळ्या जागेसह. नातू आता मोठा झाला, बापाच्या कचेरीत बसतो. परवा तो आला आणि म्हणाला, "आजी, घर माझ्या नावावर कर. मी मजले चढवणार नाही. शप्पथ." भिंतीवर टिचकी मारून आत पोकळ आहे का ते मला कळतं. माणसाचं कधी कळलं नाही. मी त्याला विचारलं, "तुला तेव्हा ताप असायचा का रे?"

तो म्हणाला, "आजी, मला तू यायला हवी असायचीस."

हे खरं असेल. किंवा बापाकडून शिकला असेल. मला ओळखता येत नाही, आणि खोदून विचारायचं बळ उरलेलं नाही. एवढी वर्षं मी दारात उभी राहिले आणि सगळं गाव खिडकीतून आत गेलं. खिडकी माझ्याच घरची होती.

घर नातवाला द्यावं. मजला चढवू नये अशी अट घाला, असं वकील म्हणाले. घालत नाही. मेलेली बाई कायमची रजेवर. अट पाळली की मोडली, हे बघायला कोण येणार? जागा नजरेखालून घातल्याशिवाय मी कधी कागदावर सही केली नाही. ही करते आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि खालील दोघांच्या देखत त्यावर सही केली.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार एक: समोरचे शिंपी. यांना मिळकतीतलं काहीही मिळत नाही, म्हणूनच निवडले.

साक्षीदार दोन: डॉक्टर, दाखला देणारे.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर