काकांची मोटार पाणी पिते

नेकनूरजवळून, ९ एप्रिल १९८७

ती. छबुआत्यांच्या चरणी सत्यभामेचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असं आरंभी लिहावं, हे तुम्हीच मला पाटीवर गिरवून शिकवलंत. पण तसं नसताना कसं लिहू? दूध संस्थेच्या निवडणुकीसाठी काकांनी गेवराईहून जुनी मोटार घेतली. प्रचाराआधी ती नीट करून घ्यावी म्हणून मीच नेकनूरच्या रहीमभाईंचं नाव सुचवलं. संस्थेच्या दुधाच्या टेम्पोची दुरुस्ती तेच बघतात. त्यांनी तेल बदललं, नळ्या बदलल्या, रेडिएटर धुऊन दिला. दुसऱ्या दिवशी काकूंनी मोटारीला हळदकुंकू वाहिलं, पुढं आजोबांच्या फोटोची मोठी पाटी बांधली आणि काका निघाले. पहिल्याच वस्तीवर बॉनेटमधून वाफ.

तेव्हापासून रोज तेच. काका हापशापाशी उभं राहून पाण्याची सोय करण्याचा शब्द देतात आणि भाषण संपताच आश्रुबा ड्रायव्हर बायकांकडे घागरभर पाणी मागतो. काल एका म्हातारीनं विचारलं म्हणे, तुमी पानी द्यायला आलाव का न्यायला? विरोधकांनी हे गावोगाव पोचवलं आहे.

रहीमभाईंकडे गाडी पुन्हा पुन्हा नेली. काकू आधी पाटी सोडवून देवघराशी ठेवतात. सासऱ्यांच्या फोटोला ग्रीसचे हात नकोत म्हणतात. रहीमभाई गाडी मांजरसुंब्यापर्यंत पळवून आणतात, तर इंजिन गारच. म्हणून काकांना वाटतं, हा माणूस विरोधकांना मिळाला. निवडून आलो की पहिला ठराव टेम्पोचं काम त्याच्याकडून काढून घेण्याचा, असं ते पारावर सगळ्यांदेखत बोलले. टेम्पो गेला तर रहीमभाईंचं दुकान बसेल. नाव मी सुचवलं होतं, आत्या. मला जेवण जात नाही.

तुमच्या मायेची ओल या उन्हाळ्यातही टिकावी,
सत्यभामा


अंबाजोगाई, १४ एप्रिल

चि. सत्यभामेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा काळजीनं आणि एकदा हसण्यासाठी. जेवत जा. तू उपाशी राहिलीस म्हणून इंजिन गार व्हायचं नाही. तुझ्या काकाचं, सुंदरचं बोलणं मनावर घेऊ नकोस. लहानपणी त्याचा पतंग चढला नाही तर तो वाऱ्याशी भांडायचा.

इथंही पाण्याचे हालच. माझा माठ मी खिडकीत ठेवते. परवा सूनबाईंनी धूळ नको म्हणून त्याला जाड चादर गुंडाळली, तर पाणी थेट चहाच्या लायकीचं झालं. मला मोटारीतलं काही कळत नाही, पण वारा लागल्याशिवाय काही गार होताना मी पाहिलं नाही. तेव्हा एवढंच कळव. बाबांची पाटी गाडीला नेमकी कुठं बांधली आहे? आणि ती बांधलेली असताना रहीमनं गाडी कधी पाहिली आहे का?

माझ्या वाटचे दोन घास जास्त खा.
तुझी आत्या


नेकनूरजवळून, २० एप्रिल

ती. आत्यांस सा. न. वि. वि.

पाटी रेडिएटरच्या जाळीच्या बरोबर पुढं आहे. जाड पत्र्याची, चारी कोपऱ्यांना तारेनं आवळलेली. रहीमभाईंनी ती कधी पाहिलीच नाही.

तुमचं पत्र वाचून पाटीविना गाडी पाठवून बघायचं ठरवलं. काकूंना खोटं कसं सांगायचं? शेवटी म्हटलं, आजोबांच्या फोटोवर धूळ बसली आहे, आजच्या दिवस पाटी घरी राहू दे, मी पुसते. नुसतं बोलणं नको म्हणून दुपारपर्यंत खरोखरच पुसत बसले. आजोबांच्या मिशा थोड्या फिकट झाल्या, त्याची क्षमा असावी. तिकडे मोटार त्या दिवशीच्या साऱ्या वस्त्या फिरून आली आणि तिनं कुणाकडे थेंब मागितला नाही.

मग काकांना सांगावं लागलं, की आजोबा वारा अडवत होते. त्यांनी पाटी हातात घेतली. म्हणाले, बाबांनी हयातीतही मला कधी पुढं जाऊ दिलं नाही. पण ही गोष्ट घराबाहेर गेली तर तालुका हसेल, म्हणून गप्प राहायचं असा त्यांचा हुकूम आहे. रहीमभाईंबद्दल चकार शब्द नाही. पारावर दिलेला शब्द मागं कसा घ्यायचा, याची त्यांना चिंता दिसते. माझी झोप पुन्हा गेली आहे.

लेकीवर लक्ष असू द्यावं,
सत्यभामा


नेकनूरजवळून, ५ मे

ती. आत्यांस सा. न. वि. वि.

काका निवडून आले, तेही थोडक्यात. गंमत अशी, की मोटार गार धावली त्या वस्त्यांनी त्यांना पाडलं आणि जिथं उकळली त्यांनी तारलं. काकूंनी हापशावर विचारलं, तर बायका म्हणाल्या, बाकीचे धुरळा उडवून गेले. ह्यो एकटाच इंजिन निवेस्तोवर बसला, मग आमी समदं सांगितलं. बसल्या बसल्या काकांनी चाऱ्याचं आणि दुधाच्या मापाचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं होतं. घरी जाऊन बायकांनी आपापल्या मालकांना बजावलं, मत यांनाच.

काल पहिली बैठक झाली. मी दाराआड जीव मुठीत धरून उभी होते. काकांनी खाकरून पहिला ठराव मांडला, की टेम्पोचं काम रहीमभाईंकडेच राहावं. कुणीतरी पारावरच्या शब्दाची आठवण दिली. काका म्हणाले, तेव्हा माझं इंजिन तापलं होतं.

आज ते स्वतः पाटी काखेत मारून दुकानात गेले, मलाही नेलं. माफी मागणं त्यांच्याच्यानं झालं नाही; पाटी टपावर बसवून द्या, एवढंच म्हणाले. रहीमभाईंनी पाटी पाहिली, जाळी पाहिली, मग काकांकडे पाहिलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, आजोबांना सलाम केला आणि पाटी उचलता उचलता हळूच म्हणाले, "सुंदरराव, यांना पयल्याच दिवशी संगं आणलं असतं, तर तुमच्या वडलांनीच मला समदं सांगितलं असतं."

काकांनी चहा सांगितला. मी आज दोन भाकरी खाल्ल्या, हे तुमच्या समाधानासाठी कळवते.

माठ खिडकीत आणि मी आठवणीत असू द्यावी,
सत्यभामा