मळ्यावरचा गडी

अव्वा, त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी आंघोळ केली, लिंगपूजा केली, कपाळाला भस्म लावलं आणि दुकानात जाऊन तुझ्या सख्ख्या भावाला गडी म्हणालो. संक्रांत नुकतीच झाली होती. मामा न कळवताच कर्नाटकातून पाथरीत उतरला, डोक्याला पंचा, पायात रबरी चप्पल, खांद्यावर लहानशी गोणी. त्याच्या खोलीमागं चार झाडं आहेत, त्यांची कॉफी स्वतः वाळवून त्यानं माझ्यासाठी आणली होती. मी पाया पडायला वाकणार, एवढ्यात परभणीचे कापडवाले शेठ पायरी चढले. आपल्याच समाजातले, मोठे मानाचे. मुलाच्या साखरपुड्यासाठी कॉफी न्यायला आले होते. "काय मळेवाले," ते नेहमीच्या थट्टेत म्हणाले, "हे कोण पाव्हणे?" मामा माझ्याकडं बघून हसत होता. मी म्हणालो, "मळ्यावरचा गडी हाय. माल पोचवायला आलाय." तुझ्या शेवटच्या दुखण्यात मामा उन्हाळाभर आपल्या घरी राहिला होता. त्याला मराठी सगळी कळते, हे मला ठाऊक होतं. त्यानं हसू तसंच ठेवलं, पंचा काढून खांद्यावर टाकला आणि शेठची दोन्ही खोकी उचलून त्यांच्या गाडीपर्यंत नेली.

हे सगळं सुरू झालं ते साध्या गोष्टीनं. पाथरीच्या मंदिरात दर्शनाला येणारी दक्षिणेकडची माणसं माझ्या किराणा दुकानात कॉफी मागायची. मी मामाला फोन केला. तो ज्या मळ्यावर राबतो, त्या मालकाकडून ट्रान्सपोर्टनं माल मागवायला लागलो. आपल्या लोकांनी आधी ती चहासारखी उकळून प्यायली, आणि एक जण सरळ म्हणाला की करपलेल्या हुलग्याचं पाणी लागतंय. मग मी दुकानातच फिल्टर ठेवला, तू ठेवायचीस तसा, आणि प्यायला माणसं थांबायला लागली. पाकीट छापणाऱ्यानं विचारलं, कॉफी कुठली? म्हटलं, मामा राहतो त्या मळ्यातली. त्यानं छापून आणलं, ‘मामाच्या मळ्यातली कॉफी’. पाकीट छान दिसत होतं. मी दुरुस्त करायला सांगितलं नाही. पुढं कुणी विचारलं की मळा किती एकर, तर मी म्हणायचो, एकर कोण मोजतंय, डोंगरच हाय. आजोळ मळेवाल्यांचं म्हटल्यावर समाजाच्या बैठकीत मला पुढं बसवायला लागले, आणि मी बसायला लागलो.

तू कधी काही लपवलं नाहीस. दादा तिकडं कर्नाटकात मठात स्वयंपाकाला होते, तिथूनच त्यांनी तुला लग्न करून इकडं आणलं. मामानं पाठवलेल्या बिया तू लोखंडी कढईत भाजायचीस. गल्लीतल्या बाया दारात येऊन विचारायच्या, काय जाळायलीस गं? तू त्यांना आत बसवून कॉफी द्यायचीस आणि सांगायचीस, कंबरेला झोळी बांधून फळं कशी तोडायची, पावसात पायाला जळवा कशा चिकटायच्या. एकदा माझे गुरुजी घरी आले, तर त्यांनाही तू जळवांचं सांगत बसलीस. ते गेल्यावर मी तुझ्यावर ओरडलो, आपण मजूर होतो हे कशाला सांगायचं? तू पेला विसळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मळा आमचा न्हवता रे. पण झाडं वळखायची आमाला." मी तणतणत बाहेर निघून गेलो.

मामा त्या दिवशी मुक्कामाला राहिला. तुझ्या सुनेला दुकानातलं काही माहीत नव्हतं. तिनं पुरण घातलं, मामाला टोपी-उपरण्याचा आहेर केला. तो तिच्याशी, पोरांशी गमतीनं बोलत राहिला, माझ्याशीही. दुसऱ्या दिवशी मी त्याला एसटीत बसवलं. खिडकीतून वाकून तो हसत म्हणाला, "मजुरी राहिली की रे माझी." थट्टाच होती ती, अव्वा. पण माझा हात खरोखरच खिशाकडं गेला. त्यानं ते बघितलं आणि त्याचं हसू गेलं. मी काही बोलायच्या आत बस हलली.

त्यानंतर पूजेला बसलो, की तळहातावरच्या लिंगाकडं नीट बघवेना. पाकिटं बदलली. मळ्याचं कुणी विचारलं तर विषय बदलायला लागलो. पण ज्यांच्यासमोर बोललो होतो, त्यांच्यासमोरच बोलायला हवं होतं, आणि ते मी पुढं ढकलत राहिलो. आधी म्हटलं लग्नसराई आहे, मग श्रावण आला, मग सणवार. शेवटी काल परभणीला गेलो. वाटेत सारखा महादेवाला विनवत होतो, की शेठ दुकानात नसावेत.

ते गादीवरच होते, समोर गिऱ्हाइकं बसलेली. "या मळेवाले," म्हणाले. मी उभ्यानंच सांगितलं, "मळा आमचा न्हाई. माझी आई तिथं मजुरीनं फळं तोडायची. तुमची खोकी ज्यानं उचलली, तो माझा सख्खा मामा हाय." शेठ हातातलं कापड तसंच धरून बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "अहो, मी तर त्यांच्या हातावर वीस रुपये ठेवले होते." मी विचारलं, घेतले का त्यानं? "घेतले की. वर नमस्कार केला मला."

दुकानाच्या पायरीवरूनच मामाला फोन लावला आणि शेठना खरं सांगितल्याचं कळवलं. त्यानं पोरांची चौकशी केली. ‘मला माफ कर’, एवढं मात्र मला त्याला म्हणता आलं नाही. ते इथं तुला लिहिलं, कारण हा कागद कुठं जायचा नाही.